घुमटाचं कातडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या कुंभारवाड्यात कुणीही सांगेल. लग्न असो, बारसं असो, गोष्टी सांगायला मीच. सखारामची गोष्टही मीच सांगतो, आणि इतकी रंगवून सांगतो की बाया डोळ्यांना पदर लावतात. फक्त एक माणूस त्यातून गाळतो. मला.

सखाराम माझा धाकटा चुलतभाऊ. शिमग्यात घुमट वाजवायचा — मातीचं मडकं, तोंडाला कातडं, बस्स. गोव्यात कुणीतरी त्याला ऐकलं आणि टीव्हीवर नेलं. रात्री अकराच्या गप्पांच्या कार्यक्रमात बाजूला वादक बसतात ना, त्यांत. पाहुण्याचा विनोद फसला की हा भुवई उचलून एकच थाप द्यायचा — धुम्म! — आणि लोक पोट धरून हसायचे. रामनगरच्या बाजारात मला विचारू लागले, "तुम्ही सखारामचे भाऊ न्हवं?" घरात माझी गोष्ट संपली की पोरं ओरडायची, "धुम्म!" घरातलं हसू तोवर माझं होतं. माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय? — नाही, ही सबब झाली. सोडा ती.

जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असायचं. आता त्याला बंदी. सखारामनं ते केव्हाच बदललं होतं. बकऱ्याचं कातडं रामनगरहून मीच आणलं. तो दोरी आवळत होता तेव्हा मडकं मीच मांडीत धरलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. सगळ्यांत जास्त मलाच.

तरी एका दुपारी मी मोबाइल घेऊन माळावर चढलो. आमच्याकडे रेंज तिथंच. वीस मिनिटांची चढण — मागं फिरायला एवढा वेळ कुणाला मिळतो? वर पोचून दम खाल्ला, आणि कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली लिहिलं: 'हे घोरपडीचं कातडं आहे. मारताना मी डोळ्यांनी पाहिलंय.' नाव घेतलं — निसर्गप्रेमी. मी! जन्मात एक झाड लावलेलं नाही.

लोकांनी ते उचललं, शिव्या घातल्या. वाहिनीनं कातडं तपासलंही नाही. वाद नको म्हणून त्याला घरी पाठवलं.

तो थेट माझ्याकडे आला. "अण्णा, कातडं तूच आणल्यालं न्हवं? तेवढं फोनवर सांग की त्यास्नी."

निदान तेव्हा तरी? "जाऊ दे रे सख्या," मी म्हणालो, "मोठ्या लोकांच्या नादी कशाला लागतोस?" वर त्याला चहा पाजला.

आता तो कुळगीकडं रोजानं जंगलातल्या वाटा साफ करतो. घुमट माळ्यावर पालथं पडलंय. शिमग्यातही काढत नाही.

परवा पुतणीच्या लग्नात लोकांनी आग्रह केला, आणि मी सखारामची ती गोष्ट सांगितली. तो समोरच बसलेला. संपल्यावर सवयीनं कुणीतरी "धुम्म" म्हणालं. हसलं कुणीच नाही. मग सखाराम उठला. "त्या वक्ताला धीर दिला," म्हणाला, "त्यो फकस्त आमच्या अण्णानं."

बायांनी पदर लावले. मी मान खाली घातली — लोकांना वाटलं, विनय.

पंगत उठल्यावर माळावर चढलो. व्हिडिओखालची ती ओळ अजून तिथंच आहे. एका बोटानं पुसता येते. पुसली नाही. खाली आलो आणि दुसऱ्या पंगतीला भात वाढायला लागलो.