अप्पांचे पन्नास आणि माझा फ्लॅश

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, चहा सांडेल. माझ्या हातून गाढवपणा काही कमी झालेला नाही, पण या एकाला तोड नाही. मी माझ्या सासऱ्यांना आउट केलं! खरोखरचं, क्रिकेटच्या मैदानावर. आणि माझ्या हातात ना बॉल होता, ना मी कुठल्या टीममध्ये होतो.

मी मूळचा यवतमाळचा. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तिथंच अनघा भेटली, आणि लग्न होऊन मी पुण्याचा जावई झालो. सासरे म्हणजे अप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला त्यांची कॉलनी. माणूस कमी बोलणारा, पण बोलला की समोरच्याला दोन दिवस पुरतं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. दिवाळसणाला अप्पांनी विचारलं, "जावईबापू, आपल्याला काय हवं?" शहाण्या जावयानं काय म्हणावं? "काही नको, आपला आशीर्वाद." आणि मुकाट्यानं अंगठी घ्यावी. पण मला तेव्हा नव्या डिजिटल कॅमेऱ्याचं वेड लागलं होतं. रविवारी मैदानं हिंडायचं आणि पोरांच्या क्रिकेट-फुटबॉलचे फोटो काढायचे, हा माझा छंद. मी बोलून गेलो, "फ्लॅश. कॅमेऱ्यावर बसवायचा, मोठा."

अप्पांनी चष्मा पुसला. "आम्ही अंगठीचं ठरवलं होतं. पण आपल्याला उजेड हवा असेल तर उजेड," म्हणाले आणि खरंच दुसऱ्या दिवशी फ्लॅश आणून दिला.

आता पाडव्याची गोष्ट. त्या कॉलनीत पाडव्याला सकाळी फराळ झाला की टेनिस बॉलची मॅच असते, पेन्शनर विरुद्ध सॉफ्टवेअर. एका बाजूला सगळे निवृत्त काका, दुसऱ्या बाजूला कॉलनीतली आयटीतली पोरं. पोरांना दमवणं सोपं. दहा-दहा तास खुर्चीत बसून त्यांची कंबर काकांच्या आधी गेलेली असते.

पण त्या वर्षीची मॅच साधी नव्हती हो. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे धावाधाव बंद. आणि अप्पांनी उभ्या आयुष्यात कधी पन्नास केले नव्हते! कॉलेजात एकदा शेहेचाळीसवर पायचीत झाले होते, तो अंपायर कुठल्या गावचा होता हे ते अजून सांगतात. म्हणजे ही शेवटची संधी.

चकली मोडता मोडता त्यांनी मला भिंत दाखवली. घड्याळाशेजारी एक नवाकोरा खिळा! "पन्नासाव्या धावेचा फोटो इथं लागेल," म्हणाले. "तो आपण काढायचा. पन्नास झाले की मी आपल्याकडे बघून ओरडेन, 'काढा!' आधी नाही, नंतर नाही. समजलं?"

"समजलं अप्पा!" म्हटलं. मला इतकं भरून आलं म्हणून सांगू! लग्नाला सहा महिने झाले, पण या माणसानं विश्वासानं काही सोपवलं ते आज पहिल्यांदा.

मैदानावर मी फ्लॅश चढवला, तर लगेच एक काका जवळ आले. "काय हो, ऊन कमी पडतंय का?"

आता यांना कोण समजावणार? टोपी घातली की सकाळच्या उन्हात तोंडावर काळी सावली पडते. फ्लॅश मारला की डोळे, मिशा, सगळं लख्ख येतं. मी समजावलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असं होय. मग रात्री काय, सूर्य लावता?"

असो. अप्पा सलामीला उतरले. समोर त्यांचे जोडीदार गोखले काका, बँकेतून निवृत्त, अप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. झाडाखाली टेबल टाकून गोखले काकू धावा लिहायला. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई! वही, पेन्सिल, खोडरबर, आणि चेहऱ्यावर परीक्षेचा हॉल.

अप्पा काय खेळत होते राव! पळणं लंगडं, पण मनगट अजून जागेवर. विसाच्या पुढे गेले असतील, तेव्हा त्यांनी एक बॉल तारेच्या कुंपणाकडे तडकावला. सॉफ्टवेअरचा कॅप्टन निखिल मागे धावला. दोन पळून झाल्या, आणि गोखले काका गळा काढून ओरडले, "काढा! अहो, काढा!"

मी दचकलो. काढा? माझा कॅमेरा निखिलच्या दिशेला होता. मी तसाच दाबला. फाड्‌कन फ्लॅश पडला, आणि अप्पा-काका धापा टाकत तिसरी धाव पुरी करून मोकळे झाले. बघतो तर फोटोत निखिलचा पाय आणि ढुंगण! मला वाटलं, काकांनाही फोटोची हौस दिसतेय. असते एकेकाला.

तिकडे अंपायरनं निखिलला विचारलं, "लाइनच्या आत अडवलास ना रे?"

"आत, काका! शंभर टक्के!"

"तीन," काकू म्हणाल्या आणि त्यांनी लिहून टाकलं.

तुमच्या लक्षात आलंच असेल. 'काढा' म्हणजे 'धाव काढा'. मग माझ्या का नाही आलं? अहो, यवतमाळला धाव काढायची म्हणजे "पय बे, पय!" एवढंच. बाप असो की काका, पिचवर सगळे 'बे'. पिचच्या मध्यावर, जीव तोडून पळताना, एक माणूस दुसऱ्याला 'अहो' म्हणतो आणि 'काढा' असं आदरार्थी ओरडतो, हे मला स्वप्नात तरी सुचलं असतं का?

अप्पा अडतीसवर असताना फ्लॅशनं मान टाकली. सेल संपले! मी धावत घरात गेलो, टीव्हीच्या रिमोटमधले दोन आणि भिंतीवरच्या घड्याळातला एक काढला, एक खिशात होता, असे चार भरून परत आलो. नसतो गेलो तर अप्पा वाचले असते. पण नाही! मला तर स्वतःचाच अभिमान वाटत होता, काय हा प्रसंगावधानी जावई म्हणून.

आणि अप्पा एकोणपन्नासवर आले.

सगळी कॉलनी उभी राहिली. अनघानं दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी सरकत सरकत मैदानात शिरलो आणि अंपायरच्या बाजूला गुडघ्यावर बसलो. अप्पांचा चेहरा बरोबर समोर. फ्लॅश फुल्ल.

बॉल आला. अप्पांनी हलकेच ढकलला आणि ओरडले, "काढा! अहो, काढा!"

मी काढला.

असा उजेड पडला म्हणता! अप्पा पिचच्या मधोमध थांबले. बॅट खाली, हात डोळ्यांवर, आणि स्वतःभोवतीच एक गिरकी. गोखले काका कधीच पलीकडे पोचले होते. निखिलनं बॉल उचलून फेकला आणि माझ्या नाकासमोर तिन्ही स्टंप आडवे झाले. अप्पा धावचीत, एकोणपन्नासवर!

दुसरा कुणी असता तर काकांनी त्याला बॅटनं सडकून काढला असता. पण जावई ना मी! आणि तोही दिवाळसणाला आलेला. जावयाला बोलायचं कसं? सगळ्यांच्या ओठांवर शिव्या आल्या आणि तिथंच अडकल्या. शेवटी गोखले काका जवळ आले आणि दातावर दात धरून म्हणाले, "जावईबापू, बेसनाचा लाडू घेतलात का?"

एक जण मागून पुटपुटला, "जावई कुठल्या क्षेत्रात? सॉफ्टवेअर ना? मग बरोबर आहे. फिक्सिंग."

निखिल मात्र चांगला मुलगा. तो अप्पांकडे आला. "काका, डेड बॉल धरू या. तुम्ही परत खेळा."

"आउट म्हणजे आउट," अप्पा म्हणाले. "मी गुडघा बदलणार आहे, नियम नाही." मग मी कुठं असेन त्या अंदाजानं, साधारण माझ्या डाव्या कानाकडे बघत म्हणाले, "चांगलाच उजेड पाडलात, जावईबापू. समोर जांभळं जांभळं दिसतंय ते ओसरलं की आपलं नीट दर्शन घेतो."

आणि लंगडत झाडाकडे गेले. त्यांची ती पाठ बघून मला खरंच रडू आलं. थट्टा नाही करत. एका माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट राहिली होती, आणि ती मी त्यानंच दिलेल्या फ्लॅशनं घालवली.

घरी येताना अनघा भराभर पुढे चालत होती. दारात म्हणाली, "प्रशांत, मला आज ओवाळणीत काही नको. फक्त तो फ्लॅश काढून ठेव."

दुपारी जेवण झालं. जेवण कसलं, सगळे वाटीत बघत होते. वर भिंतीवर तो रिकामा खिळा, आणि शेजारी बंद पडलेलं घड्याळ. त्याचा सेल माझ्याकडे आहे हे सांगायचीही हिंमत नव्हती. मी आपला आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर फोटो उतरवत बसलो. म्हटलं, एखादा तरी बरा निघाला तर अप्पांच्या पाया पडून देऊ.

एकेक फोटो बघतोय, अन् निखिलचा तो पाय आला. पुसणारच होतो. पण म्हटलं, हे पांढरं काय? मोठा करून पाहिला. फ्लॅशमुळे चुन्याची रेघ अशी चमकत होती की बस! निखिलच्या हातात बॉल, आणि बूट? बूट रेघेच्या पलीकडे! चांगला वीतभर!

"अनघा!" मी असा ओरडलो की सासूबाई झारा घेऊन आल्या.

पाच मिनिटांत अख्खी कॉलनी त्या खोलीत. गोखले काकू वही घेऊन पुढे बसल्या. चष्मा वर केला, खाली केला, पडद्याला नाक लावलं. मग वळल्या. "निखिल, हा पाय कोणाचा?"

"माझाच आहे काकू. पण मला खरंच वाटलं आत आहे... थोडासाच गेलाय."

"थोडासा म्हणजे किती? मी सांगते. एका धावेइतका. बॉल हातात आणि पाय बाहेर म्हणजे चौकार. रबर द्या."

गोखले काकांना राहवेना. "पण काय गं, चार धरल्या तर स्ट्राइक बदलत नाही. म्हणजे पुढचा बॉल जो मी खेळलो, तो..."

"तुम्ही गप्प बसा!" काकू म्हणाल्या. तीन खोडले, चार लिहिले, खालून वर आणि वरून खाली बेरीज केली. "पन्नास."

अप्पा दारात उभे होते. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, परत काढला. "पन्नास का?" एवढंच विचारलं, अगदी हळू, पहिलीतल्या मुलासारखं. काकूंनी मान हलवली. मग ते माझ्याजवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, उजेड पाडलात." शब्द सकाळचेच हो! पण या वेळी आवाज ओला होता. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा जे पसरलं, ते फ्लॅशचं नव्हतं.

संध्याकाळी अनघानं ओवाळलं. ताटात काय टाकावं सुचेना, म्हणून खिशातून सेल काढून ठेवले. "घड्याळाचे आणि रिमोटचे," म्हटलं. इतकी हसली की निरांजन विझता विझता राहिलं.

अप्पांचं ऑपरेशन झकास झालं. आता ते अंपायर असतात. कॉलनीनं ठरावच केलाय, धाव काढायची तर 'पळा' म्हणायचं, 'काढा' फक्त फोटोवाल्याला.

आणि त्या खिळ्यावर काय लागलं, विचारा की! दोन गोष्टी, एकाच चौकटीत. वर निखिलचा बूट. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे कोणाचे पाय? कोणी महाराज का?" आणि खाली काकूंच्या वहीचं पान. धावचीत झालेल्याच्या पुढे कंसात फेकणाऱ्याचं नाव लिहितात ना? तिथं निखिलचं नाव नाही. काकूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलंय, "अप्पा, धावचीत (जावई), ५०."

दिवाळसण काही दरवर्षी नसतो. पण पुढच्या पाडव्याला अप्पांनी मला जवळ बोलावलं आणि हातात एक लहानशी डबी ठेवली. उघडली तर आत अंगठी! मी म्हटलं, "अप्पा, आता हे कशाला?"

"घाला," अप्पा म्हणाले. "हिला सेल लागत नाहीत."