वाट पाहणाऱ्याचा आक्षेप

"जातंय कुठं? आहे तिथंच आहे."

माझे भावोजी हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा तरी म्हणत. चष्मा सापडेना, की हे वाक्य. आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, जुने दिवस आठवून उसासा टाकला, की हेच वाक्य. चष्म्याच्या बाबतीत ते निम्म्या वेळा खोटं ठरे, कारण आक्का तो उचलून ठेवी. दिवसांच्या बाबतीत मात्र ते त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

भावोजी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. काळ म्हणजे काय, या एका प्रश्नावर त्यांनी एकतीस वर्षं घातली. मी विहिरी बांधणारा माणूस. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन मी माझा मीच शिकलो, आणि मी बांधलेली एकही विहीर अजून ढासळलेली नाही. दातांच्या उपचारासाठी दोन महिने त्यांच्याकडे राहिलो, तेव्हा दारातल्या पायरीवर बसवून त्यांनी मला आपलं म्हणणं समजावलं.

"हा रस्ता बघ. तू चालत टोकापर्यंत गेलास, म्हणून मागे राहिलेलं आपलं घर पडतं का? दिवसांचंही तसंच. कालचा दिवस कालच्या जागी उभा आहे, उद्याचा उद्याच्या जागी. कुठलाच पडत नाही, कुठलाच नव्याने बांधला जात नाही."

"मग कालचं जेवणही असेल की तिथंच," आक्का आतून म्हणाली. "आज मी स्वयंपाक करत नाही."

"कालच्या जेवणाने कालची भूक भागली. आजची भूक आजच्या जागी आहे."

"आणि आजची भांडी?"

यावरही त्यांच्याकडे काहीतरी उत्तर असणार. पण ते उठले आणि भांडी घासायला लागले.

त्यांच्याच विभागात, त्यांच्या समोरच्या टेबलावर, त्यांचे मित्र बसत. त्या मित्रांचं मत बरोबर उलटं. आहे तो फक्त हा क्षण. मागचं संपलं, आणि पुढचं अजून झालेलंच नाही. कॉलेजातल्या मुलांनी त्यांचं नाव आत्ताराम ठेवलं होतं. ते त्यांना इतकं आवडलं, की पुढे घरचे लोकही त्याच नावाने हाक मारू लागले. रोज संध्याकाळी पाच वाजता ते आमच्या पायरीवर काठी आपटत. "आहेस का अजून?"

"जातोय कुठं?" म्हणत भावोजी चपला घालत. मग दोघे तळ्यापर्यंत भांडत जात आणि भांडतच परत येत. दोघांनी एकमेकांना खोडून काढणारे लेख लिहिले होते. ते वाचणारेही बहुधा तेच दोघे होते.

त्या वर्षी आत्ताराम निवृत्त झाले. माझ्या तिसऱ्या दाताच्या दिवशी त्यांचं पत्र आलं. दोन गल्ल्या पलीकडून, टपालाने. भावोजींनी ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं.

'टेबलाचे खण रिकामे करताना जुनी वही सापडली. गेल्या आठवड्यात तुझ्याविरुद्ध मला जो अगदी नवा मुद्दा सुचला होता, तो तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची. म्हणजे मी तसूभरही हललो नाही, आणि ते मला कळलंही नाही. तू जिंकलास. आहे ते आहे तिथंच आहे. आता भांडण उरलं नाही, तेव्हा फिरायलाही येत नाही. गुडघ्यांना आराम.'

"अहो, जिंकलात की!" आक्का म्हणाली. "मग तोंड असं का केलंय?"

"जिंकलो कसला? त्याने हात टेकले."

"एकूण एकच."

"एकच कसं?" ते चिडून म्हणाले आणि खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसले. पायात चपला घातलेल्याच. सहा वाजता काढल्या. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. एकटे फिरायला जा म्हटलं तर म्हणाले, "एकट्याने कोण बोलेल?"

मी आक्काला म्हणालो, "विहिरीच्या गोल भिंतीत समोरासमोरचे दगड एकमेकांना रेटत असतात, म्हणून ती उभी राहते. एक बाजू सैल पडली, की दुसरी आत येते. भावोजी आत यायला लागलेत."

"मग जा ना, तिकडची बाजू घट्ट करून ये."

मला ते कसं जमणार? जमलं ते भावोजींनाच. सहाव्या संध्याकाळी ते खुर्चीतून एकदम उठले आणि ओरडले, "एकाच बाजूला! एकाच बाजूला का?"

"काय झालं?" आक्का ओल्या हातांनीच धावत आली.

"मी त्याची वाट बघतोय. उद्याच्या पाच वाजताची. महिन्यापूर्वीच्या पाच वाजताची वाट मी का बघत नाही? माझ्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही वेळा तितक्याच खऱ्या आहेत. महिन्यापूर्वी तर तो नक्की आला होता, उद्याचं काही सांगता येत नाही. तरी जीव उद्याकडेच लागतो. माझ्या रस्त्यात ही ओढ बसत नाही गं. हा त्याचा मुद्दा आहे, आणि त्याला तो एकतीस वर्षांत सुचला नाही!"

एकतीस वर्षांच्या बांधकामाला भगदाड पडलं होतं, तेही स्वतःच्या हाताने. पण ते असे हसत होते, जणू विहिरीला पाणी लागलं. अकरा दिवस त्यांनी लिहिलं. तेवढ्या दिवसांत चष्मा एकदाही हरवला नाही. वीस पानं झाली. वर लिहिलं, 'वाट पाहणाऱ्याचा आक्षेप'. मग ती पानं माझ्या हातात दिली. "त्याला नेऊन दे. काही बोलू नकोस."

आत्ताराम अंगणात खुर्चीला रंग देत होते. पानं पाहून म्हणाले, "आता कशाला? भांडण मिटलंय आमचं." मी पानं तशीच पुढे धरली. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला आणि पहिलं पान घेतलं. तिसऱ्या पानावर कानामागची पेन्सिल काढली. सातव्या पानावर म्हणाले, "गाढव आहे!" बाराव्या पानावर ते ओल्या रंगाच्या खुर्चीवर बसले, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पाच वाजले. भावोजी चपला घालून दाराकडे तोंड करून बसले होते. काठी आपटली.

"आहेस का अजून?"

भावोजी उठून उभे राहिले. आक्कानेच आतून सांगितलं, "आहेत, आहेत."

"लेका, माझी बाजू मांडायला तुला कोणी सांगितलं होतं?" आत्ताराम पानं नाचवत आत आले. त्यांच्या पँटला मागे हिरवा रंग होता. "चांगला मुद्दा आणि कसा वाया घालवलास! चौथ्या पानावर घाई, नवव्यावर पाणी घातलंस. हे मला नव्याने लिहावं लागणार. खरं सांग, याला तुझ्याकडे उत्तर आहे?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"आज नाही. म्हणून तर तुला दिला."

आत्तारामांनी पानं काखेत मारली. मग काठी दाराकडे वळवली. "चल. तळ्यापर्यंत जाईस्तोवर उत्तर शोध."

"आणि तुमचे गुडघे?" आक्काने विचारलं.

"ते दुखणं मागच्या आठवड्यात होतं, वहिनी. संपलं."

"संपलं कुठं?" भावोजी पायरी उतरता उतरता म्हणाले, आणि सुरू झालं.

आक्का आणि मी पायरीवर उभे राहून बघत होतो. पुढे मागून हिरवे झालेले आत्ताराम, अर्धं पाऊल मागे भावोजी. कोपऱ्यावर दोघे थांबले. आत्तारामांनी जमिनीवर काठी ठोकली, हा क्षण एवढाच खरा, असं काहीतरी म्हणाले असतील. भावोजींनी मागे वळून न बघताच हात मागे केला आणि बोटाने थेट आमचं घर दाखवलं.

"आहे हो, आहे," आक्का हळूच म्हणाली. तिथपर्यंत ऐकू जाणार नव्हतं. तिने पदराला हात पुसले, आणि ते दोघे कोपऱ्यावरून वळून दिसेनासे होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.