खोडमाशीचा परिच्छेद

मी लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आजवर जे लिहिलं ते दुसऱ्यांनी बोलण्यासाठी लिहिलं. स्वतःच्या वतीने लिहिण्याची सवय नाही, आणि तेवढा अधिकार आहे असंही वाटत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

१९७० नंतरची एक-दोन वर्षं मी नगरला सकाळी कॉलेज करायचो आणि दुपारी गावाबाहेरच्या एका सरकारी शेती-संशोधन केंद्रात काम करायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. केंद्रात कोरडवाहू शेतीवर, म्हणजे नुसत्या पावसावरच्या शेतीवर, प्रयोग चालत. माझी नेमणूक ‘तात्पुरता मराठी सहाय्यक’ अशी होती. संचालक साहेब आणि उपसंचालक साहेब या दोघांची भाषणं लिहायची, एवढंच काम. दोघेही मराठीच, पण सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. त्यांना भाकरी मराठीत मागता यायची. ज्वारीच्या मुळांबद्दल मात्र मराठीत दोन वाक्यांपुढे जाता यायचं नाही.

मला हे काम मिळालं कारण अर्जात मी ‘लेखनाचा अनुभव आहे’ असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं. शाळेत असताना अर्ध्या गावाची पत्रं मीच लिहायचो. त्यामुळे संचालक साहेबांचं पहिलं भाषण मला ज्या रीतीने येत होतं त्याच रीतीने लिहिलं. सुरुवातीला इकडील सर्व क्षेम, मध्ये बांध घालण्याविषयी मजकूर, शेवटी थोरांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद. साहेबांनी ते आधी वाचलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्यांनी ‘इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत’ असं गंभीरपणे वाचलं, तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “आमीबी बरं हाय, सायेब.” कोणी हसलं नाही. साहेब परतताना जीपमध्ये म्हणाले की लोक आज प्रथमच उत्तर देत होते, अशीच भाषणं लिहीत जा. उपसंचालक साहेबांना हे कळल्यावर त्यांनी आपल्या भाषणात आशीर्वाद दोनदा घालायला सांगितले.

पण भाषण लिहून संपत नसे. कच्चा मसुदा सगळ्या विभागांतून फिरायचा: माती, पाणी, बियाणं, कीटक. प्रत्येक विभागप्रमुख आपली दुरुस्ती एका चिठ्ठीवर लिहून ती टाचणीने लावायचा. दोन पानांचा मसुदा गेला की परत येताना साळिंदरासारखा दिसायचा. प्रत्येक चिठ्ठी ‘परंतु’ने सुरू व्हायची. परंतु जमीन खोल असेल तर. परंतु पाऊस झाला असेल तर. इकडे संचालक साहेबांची सक्त ताकीद होती की भाषण दहा मिनिटांत संपलं पाहिजे, त्यानंतर लोक चहाच्या भांड्याकडे बघायला लागतात. हे ‘परंतु’ कोणी काढायचे, ते मात्र कोणी ठरवून दिलं नव्हतं. ते मी काढायचो. मला त्यात गोडी लागली होती, हेही कबूल करतो. वाक्य कसं मोकळं व्हायचं.

त्या वर्षी पोळ्यानंतर केंद्राने एक नवी गोष्ट सांगायची ठरवली. आमच्या जामखेडकडच्या भागात ज्वारी हस्त नक्षत्रात पेरतात. केंद्राचं म्हणणं, दोन आठवडे आधी, उत्तरा नक्षत्र लागताच पेरा. जमिनीतली ओल कामाला येईल. मी मसुदा लिहिला, तो फिरून आला. कीटक विभागाच्या प्रमुखांनी अख्खं पान जोडलं होतं. त्यात एका माशीचं लॅटिन नाव, तिची अंडी, तिच्या अळीचा प्रवास, सगळं होतं. मी ते वाचलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पान काढून टाकलं.

मेळावा नेमका माझ्या गावाशेजारीच होता. संचालक साहेब छान बोलले. साडेनऊ मिनिटं.

सभा संपल्यावर वडील भेटले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आमची सात एकर जमीन, पैकी पाच एकरांत ज्वारी. ती आली तर घरात वर्षभर भाकरी आणि बैलांना कडबा. देवळाली प्रवराच्या पाहुण्यांकडे पाट होता, ऊस होता. आमच्याकडे ऊस म्हणजे पाहुण्यांकडे गेल्यावर खायची वस्तू. ज्वारीशिवाय आम्हाला दुसरं काही नव्हतं. दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “ह्ये तूच लिवलंस न्हवं?”

मी हो म्हणालो.

“मग मी समदी उत्तरात पेरतो. बाकीचे म्हंत्यात, आदी तू पेर, तुझ्या पोराचं भाषन हाय.”

मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

दहा-बारा दिवसांनी भाषणाची प्रत फायलीला लागली आणि कीटक विभागाचे प्रमुख ती हातात घेऊनच माझ्या टेबलापाशी आले. अतिशय सभ्य गृहस्थ, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी पानं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “माझी माशी कुठे आहे?”

मी वेळेचं कारण सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि लॅटिन वगळून समजावलं. ज्वारी लवकर पेरली की खोडमाशी कोवळ्या रोपावर येते, अळी आत शिरते आणि मधला पोंगा, म्हणजे वाढता कोंब, वाळून जातो. म्हणून पेरतानाच ओळीत औषध टाकायचं. त्यांचं अख्खं पान एवढंच सांगत होतं. मग त्यांनी विचारलं की हे ऐकून खरोखर पेरलं असेल असं कोणी माहीत आहे का.

“एक जण नक्की,” मी म्हणालो. “माझे वडील.”

ते खुर्चीवरून उठले. आत जाऊन औषधाची पुडी घेऊन आले. पेरणी राहिली असेल तर उपयोग होईल, झाली असेल तर आता नाही, म्हणाले. मी चिठ्ठी आणि पुडी आमच्या गावावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. स्वतः जायला हवं होतं. सहामाही परीक्षा होती, हे खरं. तोंड दाखवायची भीती वाटत होती, हे जास्त खरं.

संचालक साहेबांनाही सांगावंच लागलं. ते चष्मा काढून म्हणाले, “म्हणजे मी चुकीचं बोललो?”

“नाही साहेब. बरोबरच बोललात. अर्धं.”

त्यांनी मला काढून टाकलं नाही. पुढच्या तीन मेळाव्यांत ते माशीचं पान लॅटिनसह पूर्ण वाचत गेले. एके ठिकाणी लोक चहा पिऊन, कपबशा विसळून ठेवून पुन्हा येऊन बसले, तरी अळी अजून खोडातच होती. मी मात्र मंडपात उभा राहून प्रत्येक पागोट्याखाली दादांचा चेहरा शोधत होतो. गावाकडून काहीच निरोप नव्हता. पुडी पोहोचली की नाही, तेही कळेना.

दसरा झाल्यावर एक दिवस कॉलेजच्या फाटकाशी माझे चुलते, तात्या, उभे दिसले. बाजारला बैल बघायला आले होते. तात्यांनी आधी माझी तब्येत विचारली, मग परीक्षेचं विचारलं, मग नगरला चहा किती पाणचट मिळतो ते सांगितलं. शेवटी मीच ज्वारीचं विचारलं.

पुडी पोहोचली, पण पेरणीनंतर चौथ्या दिवशी. ज्वारी सुरेख उगवली होती, सगळं गाव बांधावरून बघून गेलं, आणि मग पाच एकरांतले पोंगे वाळत गेले. दादांनी हस्त संपता संपता ते सगळं पीक मोडलं, घरात खायला ठेवलेली ज्वारी बी म्हणून काढून पुडीतल्या औषधासकट परत पेरली. औषध दीड एकराला पुरलं. आता पाचही एकरांत रोप चार बोटं वर आलंय आणि आजपर्यंत तरी हिरवं आहे.

“माझ्यावर रागावलेत का?” मी विचारलं.

“न्हाई बा,” तात्या म्हणाले. “त्यो म्हनला, सायबाला सांग, भाषन लांबलं तर लांबू द्या. आमी बसतो.”