ढवळीची नोंद

हसा लेको, पण बाहेर कुठे बोलू नका. जगाच्या संशोधनात शेळी घुसवली ती मीच!

ई-मेल आला की अख्खी लॅब गोळा व्हायची, तेव्हाची गोष्ट. मुंबईत मी कंत्राटावर होतो. काम काय? माणूस, उंदीर, गाय अशा सस्तन प्राण्यांच्या पेशींत काही आरएनए असतात, त्यांच्यापासून प्रथिनं बनत नाहीत. त्यांची कॉम्प्युटरवर यादी करायची: नाव, प्राणी, कार्य. शोधलं की माहिती समोर! कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, वाढवणं लॅबप्रमुख सरांच्या हातात.

सर म्हणाले, "एक खोटी नोंद टाकून शोध चालतो का बघ. मग पूस."

नेमका त्याच दिवशी आमच्या गावाहून, सूर्यमाळहून, आईचा फोन. आमच्या ढवळी शेळीनं माझी मार्कशीट खाल्ली! रागारागात मी टाईप केलं: नाव ढवळी-१, प्राणी शेळी, कार्य न संपणारी भूक.

शोध फर्स्टक्लास चालला. आणि पुसायचं? राहिलं!

यादी जगाला खुली झाली आणि आठवड्यात परदेशातून ई-मेल. 'भूक वाढवणारा आरएनए! नमुना पाठवा.'

सर नाचायचेच बाकी. "अरे, बोलला नाहीस! कुठली शेळी?"

"सूर्यमाळची," मी कसाबसा म्हणालो. खरं सांगून कंत्राट घालवू?

"मग उद्याच निघू!"

मेलो! जव्हारपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी चढ. सरांनी नमुन्यासाठी बर्फाची पेटी छातीशी धरलेली. वर म्हणतात, "तुझं कंत्राट तीन वर्षं वाढवलंय. पत्र पिशवीत आहे, नमुना मिळाला की देतो." आता कुठल्या तोंडानं सांगणार?

आईनं चहा दिला. दारात बांधलेल्या ढवळीकडे बघत सर म्हणाले, "मावशी, हिला भूक फार का हो?"

"लय, सायब! याचं मार्कांचं कागूद खाल्लं, तवापासून हा हिच्यावर डूख धरून हाय."

सर हळूहळू माझ्याकडे वळले. मी हात जोडून सगळं ओकलो. सर पत्र फाडायला पिशवीकडे वळले, तर पिशवी आडवी आणि ढवळी कागद चघळतेय! ओठात फक्त सहीचा कोपरा.

"फाडायचे कष्ट वाचले," सर म्हणाले. "तुझ्या सगळ्या नोंदींत ही एकच माझ्या डोळ्यांदेखत सिद्ध झाली बघ!"

पुढे काय? महिनाअखेरीपासून मी माळावर. ढवळीला चारायला!