फोन न ठेवणारं हॉटेल

ट्रंककॉल काकूंनी टेलिफोन एक्सचेंज सोडून बरीच वर्षं झाली. एक्सचेंजच्या इमारतीत आता बँक आहे. पण गल्लीने त्यांना चिकटवलेलं नाव काही सुटलं नाही, आणि काकूंनाही त्याचा राग नव्हता. नव्या शेजाऱ्यांना त्या स्वतःच "मी ट्रंककॉल काकू" म्हणून ओळख करून द्यायच्या. समोरच्या तरुण चेहऱ्यावर काही उजेड पडला नाही की त्याला बसवून, चहा देऊन, सगळं समजावून सांगायच्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी, आणि इकडच्या माणसाला तिकडच्याशी जोडून द्यायचं. त्यांचं इंग्रजीही त्याच बोर्डासमोर तयार झालेलं. फोनवर लागेल तेवढंच, पण तेवढं मात्र खणखणीत.

काका टायरच्या कंपनीत विक्रीच्या कामाला होते. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कंपनीचं रबर यायचं आग्नेय आशियातल्या एका बेटांच्या देशातून, त्यामुळे टायर बघायला आलेलं गिऱ्हाईक आधी रबराच्या झाडाची सगळी हकिकत ऐकायचं. सालीला तिरपी चीर कशी देतात, खाली वाटी कशी अडकवतात, पांढरा चीक कसा ठिबकतो. मग टायरही घेऊन जायचं. काकांनी ते झाड जन्मात पाहिलेलं नव्हतं. "रिटायर झालो की पहिलं विमान तिकडचं," हे मात्र त्यांनी इतक्यांदा जाहीर केलं होतं की ऑफिसातले लोक त्यांना "निघालात का?" असं विचारून हैराण करायचे.

रिटायर झाले, आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले. काठी घेऊन ते कोपऱ्यापर्यंत जाऊ लागले. बोलणं मात्र पहिल्यासारखं झालं नाही. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण शब्द तोंडाशी यायला वेळ लागायचा. एक आला की दुसऱ्याची वाट बघायची, आणि ऐकणाऱ्यांना कुठली एवढी सवड.

एकदा ते दिव्याचा बल्ब आणायला गेले. "मला... मला..." एवढं झालं, तोवर दुकानदाराने "बॅटरी ना काका?" म्हणून बॅटऱ्या पुढे ठेवल्या. मागे रांग होती. काकांनी मान डोलावली आणि बॅटऱ्या घेऊन घरी आले. दुसऱ्यांदाही तेच झालं. घरात बॅटऱ्यांचा साठा झाला आणि बाथरूममध्ये अंधार. त्यानंतर ते दुकानात गेले नाहीत. पुढे पुढे दाराची बेल वाजली तरी उठून आतल्या खोलीत जायला लागले. दुकानदार वाईट माणूस होता असं नाही. मदत करायची घाई असलेल्या माणसांनीच काकांना गप्प बसवलं होतं. त्यात काकूही आल्या, पण ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

मुलाने आणि सुनेने बेटांच्या देशाचा बेत काढला तो याचसाठी. मुलगा आणि सून एकाच ऑफिसात, दोघांनी एकदम रजा मंजूर करून घेतलेली. डॉक्टरांनीही खुशाल न्या म्हणून सांगितलं. जेवताना मुलाने ही बातमी दिली तेव्हा काकांचा घास हातातच राहिला.

"तुम्ही... जा," ते म्हणाले. "मी... घर..."

"सांभाळतो म्हणताय?" काकू म्हणाल्या. "घराला काय धाड भरलीय?"

त्या रात्री काकूंनी मुलाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की या वेळी हे राहिले तर पुन्हा कधी उंबऱ्याबाहेर पडायचे नाहीत. "तू विमानाचं बघ. हॉटेल मी बघते."

मुलाला वाटलं, आई फोटो बघेल, खोल्या बघेल. त्याने लॅपटॉपवर निवडक हॉटेलं काढून ठेवली. एकाला समुद्र, एकाला पोहण्याचा तलाव, एकाच्या नाश्त्याचेच वीस फोटो. काकूंनी सगळं कौतुकाने पाहिलं, आणि विचारलं, "यांचे फोन नंबर कुठे असतात रे?"

दुसऱ्या दिवसापासून ट्रंककॉल काकू पुन्हा ड्यूटीवर आल्या. सकाळची कामं आवरली की चष्मा लावून बसायच्या, एकेका हॉटेलला फोन लावायच्या, आणि पलीकडून आवाज आला की मुद्दाम अडखळायच्या. "हॅलो... आय... आय वॉन्ट..." आणि मग गप्प. पुढे काय होतं ते ऐकायचं. समुद्रवाल्या हॉटेलातल्या मुलीने गोड आवाजात तीनदा "हाऊ मे आय हेल्प यू" विचारलं आणि फोन ठेवला. तलाववाल्याने काकूंचं वाक्य स्वतःच पूर्ण करून त्यांना विमानतळावरची गाडी विकायचा प्रयत्न केला. वीस फोटोंच्या नाश्त्याने थेट संगीत लावलं.

"आई, हॉटेल असं निवडतात का?" सुनेने हसत विचारलं.

"मग कसं? उशीचा फोटो बघून?"

या उद्योगात काकूंना तो देशही थोडाथोडा कळायला लागला. तिकडचं घड्याळ आपल्या पुढे असतं. दुपारी धो धो पाऊस येतो आणि अर्ध्या तासात ऊन पडतं, पण त्याचं कोणाला काही वाटत नाही. भिंतीवरची पाल तिकडे चांगली खड्या आवाजात ओरडते. नाही म्हणायचं असलं की माणसं आधी हसतात. हे सगळं त्या जेवताना काकांना सांगायच्या. काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकदा मात्र त्यांनी "पाऊस... दुपारी?" एवढं विचारलं, आणि त्या संध्याकाळी काकूंनी उगाचच शिरा केला.

एका रविवारी तर त्यांना हवं ते हॉटेल सापडलंच. पलीकडच्या माणसाने हॅलो म्हटलं, काकू अडखळल्या, आणि तो थांबला. घाई नाही, त्रागा नाही, अवाक्षर नाही. काकूंनी फोनवर हात ठेवून सुनेला खूण केली, "बघ, याला म्हणतात माणूस." मग पलीकडून ताटवाट्यांचा आवाज आला, कोणीतरी खो खो हसलं, आणि काकूंच्या लक्षात आलं की हा गृहस्थ फोन टेबलावर ठेवून जेवायला गेला आहे. सून पोट धरून हसली. काकूंनी चिडून चष्मा काढला आणि दोन दिवस फोनला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ती बाई भेटली. लहानसं हॉटेल, आवाज मध्यम वयाचा. काकू अडखळल्या. बाई म्हणाली, "येस. आय हिअर," आणि थांबली. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, म्हणजे ती जेवायला गेलेली नव्हती. काकूंनी जमेल तितका वेळ काढला, पण ती हलली नाही. काकूंनाच शेवटी शरम वाटली आणि त्यांनी धडपणे बोलून आभार मानले.

मुलाने त्या हॉटेलची माहिती काढली आणि कपाळाला हात लावला. तलाव नाही. समुद्र नाही. पहाटे कोंबडा आरवतो अशी पाच जणांची तक्रार. पण मुलगा काही नुसती नावं ठेवणारा नव्हता. तळमजल्यावर खोली आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, जवळ डॉक्टर कोण, हे त्याने स्वतः खटपट करून शोधलं. काकूंच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. "बाकी ठीक आहे," तो म्हणाला, "पण बाबा हो म्हणाले पाहिजेत. शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर मी सगळं रद्द करतो."

शुक्रवारी दुपारी काकूंनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो काकांच्या पुढ्यात ठेवला. "खोलीत काय हवं-नको ते तुम्हीच विचारा. मला काय कळतंय."

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर फोन उचलून पळाली असती. "हॅलो," पलीकडून बाई म्हणाली. "येस. आय हिअर." काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मानेची शीर ताठ झाली. काकूंच्या ओठांवर चार वेगवेगळी वाक्यं येऊन उभी राहिली. त्या पदर मुठीत धरून बसल्या. पलीकडे पाऊस पडत होता.

"चेअर," काका म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "निअर... विंडो?"

बघून येते, असं काहीतरी बाई म्हणाली, आणि तिच्या चपलांचा आवाज लांब गेला.

"ठेवला वाटतं तिने," काकू पुटपुटल्या.

"गेलीय... बघायला," काका म्हणाले. "थांब."

चपला परत आल्या. बाईला धाप लागली होती. हो, आहेत, दोन खुर्च्या आहेत. आणि खिडकीतून दिसतं ते, ते... तिला शब्द सापडेना. तिने आपल्या भाषेत काहीतरी म्हणून पाहिलं, स्वतःशीच हसली, पुन्हा अडली. काकूंना राहवेना. "ट्री? रिव्हर? रोड?" त्यांनी एका दमात विचारलं.

काकांनी फोनवर पंजा ठेवला. "अगं... बोलू दे ना... तिला. तू नेहमी... मध्ये..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. मग फोनकडे वाकून ते म्हणाले, "टेक... युअर... टाइम. नो... हरी."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून मनसोक्त रडल्या. नेहमी मध्ये. घरातल्या घरात आपण काय करत होतो ते त्यांना आत्ता कळलं. त्याचं वाईट वाटत होतं, आणि बाहेरच्या खोलीत काका एका परक्या बाईशी बोलत होते त्याचा आनंद त्याहून मोठा होता. खिडकीतून होड्या दुरुस्त करण्याची जागा दिसते, एवढं कळायला त्या दोघांना चांगली दहा-पंधरा मिनिटं लागली. नंतरही बोलणं चालूच होतं. काकू बाहेर गेल्या नाहीत.

संध्याकाळी मुलगा आला तो दारातच म्हणाला, "काय ठरलं? मी रद्द करतोय." काकूंनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. त्या काकांकडे पाहत राहिल्या. मुलगाही खांद्यावरची बॅग न उतरवता उभा राहिला. सून आतून आली आणि तीही थांबली.

"आमची... दोघांची... खोली झाली," काका म्हणाले. मग त्यांनी दम घेतला. "तुम्ही... येताय का?"