सत्काराचा एकुलता एक नारळ

दहावीच्या निरोप समारंभात मनोगत कोणी बोलायचं यावर आमच्या वर्गात वाद झालाच नाही. मी माझं नाव स्वतःच फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. पाटोद्याच्या पुढची आमची शाळा, त्यात मी शाळेच्याच वसतिगृहात राहणारी, वरून तोंडाळ. माझ्या वाटेला जायला सहसा कोणी धजत नसे.

ते भाषण मला हवंच होतं. का, ते सांगायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी लागेल.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. दिवाळी झाली तशी गावोगावची माणसं कारखान्याला, म्हणजे ऊस तोडायला, निघून गेली. माझे आई-बापही गेले. शाळेत सिमेंटचा एक हौद आणि टँकर चार दिवसांतून एकदा. शालेय मंत्रिमंडळात मी पाणीमंत्री होते. काम एवढंच, की संध्याकाळी मुलींचं पाणी भरून झालं की हौदाची तोटी नीट बंद आहे का ते बघायचं. एका बुधवारी, टँकर येऊन गेल्यावर, मी स्वतःच कळशी तोटीखाली लावली. तेवढ्यात एका मैत्रिणीशी जुंपली. भांडत भांडत मी तिच्यामागे खोलीपर्यंत गेले. भांडण मी जिंकलं, पण कळशी साफ विसरले. सकाळी हौदाचा तळ दिसत होता.

मुख्याध्यापकांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. "तोटी कोणी उघडी ठेवली?" एरवी मला गप्प बसवावं लागायचं, त्या दिवशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. मागून शाळेचे शिपाई मामा पुढे आले. "म्याच सोडली सर. झाडाला पानी घालावं म्हनलं, ध्यानातून गेलं." सर इतके संतापले होते, की त्या वयाच्या माणसाला बोलू नये असं बरंच काही ते पोरांसमोर बोलून गेले. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. पुढचे तीन दिवस त्यांनी टेकडीपलीकडच्या विहिरीवरून सायकलला कॅन बांधून पाणी आणलं.

मामा खोटं का बोलले ते मला कळलं नाही. पहिल्या दिवशी मी सुटले म्हणून खुशीत होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटू लागली. मामा समोरून आले की मी उगाच चप्पल बघत बसायची. म्हणून ठरवलं होतं, की शाळा सोडायच्या आधी, सर त्यांना जिथं बोलले तिथंच, सगळ्यांसमोर खरं सांगायचं.

समारंभ मैदानातल्या लिंबाखाली होता. पाहुणे होते दूध सोसायटीचे चेअरमन. चारित्र्यावर ते आमच्या अपेक्षेपेक्षा फारच बरं बोलले. "पोरांनो, दूध बघाया मशीन हाय, मानूस बघाया न्हाई. म्हनून मानसानं आपलं आपनच चोख ऱ्हावं. यंदा आमच्याकडं लई चोख दूध येतंय. आता कावून ते इचारा." आम्ही विचारलं. "मिसळायला पानीच न्हाई!" सगळे पोट धरून हसले. मीही हसले आणि हसता हसता आपण काय करणार आहोत ते आठवून घाबरले.

माझं नाव पुकारलं. मी झकास सुरुवात केली. बाईंचे आभार मानले, गणिताच्या सरांचे मानले, त्यांच्या छडीचेही मानले. मग हौदाच्या वाक्यापाशी आले आणि नेमकी मुख्याध्यापकांशी नजरानजर झाली. सगळं अवसान गळालं. "आणि इतर कर्मचारी" असं म्हणून मी खाली बसले. टाळ्या पडल्या. मला स्वतःचा असा राग आला की सांगता सोय नाही.

मग सत्कार सुरू झाले. आमच्या शाळेत सत्काराला नारळ एकच असायचा. ज्यांचा सत्कार झाला ते सर नारळ कपाळाला लावून जागेवर जात आणि हळूच खुर्चीमागे धरत. मामा तो मागच्या मागे उचलून पुन्हा ताटात ठेवत, की पुढच्या बाईंसाठी तयार. शालीचंही तेच. पाहुण्यांना नारळ घरी न्यायचा असतो, म्हणून त्यांचं नाव शेवटी. मामांचं नाव यादीत कधीच नसे, ताट धरायला तेच तर होते.

चेअरमन उठून उभे राहिले. मामा ताट घेऊन माझ्या समोरून निघाले. मी ताडकन उठले, ताटातला नारळ उचलला आणि मामांच्या हातात दिला. मामांनी तो अदबीनं घेतला, माझ्याकडे वाकले आणि हळूच विचारलं, "कुनाला द्यायचा?"

आता मात्र मला राहवलं नाही. "तुमालाच मामा!" मी ओरडले, आणि त्याच दमात पुढचंही ओरडून टाकलं. "सर, त्या दिवशी तोटी मी सोडली होती. मामांनी न्हाई."

मुख्याध्यापक उठले, मंचावरून खाली आले आणि मामांसमोर हात जोडले. "मामा, सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर माफी मागतो. माझं चुकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं काय करू? तू तर निघालीस." चेअरमननी आपल्यासाठीची शाल स्वतःच्या हातानं मामांच्या खांद्यावर टाकली आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मामा बिचारे शाल कुठं ठेवायची म्हणून इकडे तिकडे बघत होते. शेवटी त्यांना ती पांघरूनच उभं राहावं लागलं.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना गाठलं. तीन महिने मला छळणारा प्रश्न विचारला.

"मामा, तुमी कावून खोटं बोल्लात?"

"तोटीखाली कळशी तुजीच होती की. सकाळी सर यायच्या आदी म्याच उचलून ठिवली. तुजं नाव निघालं असतं तर सरांनी तुला वसतिगृहातून काढलं असतं. मंग बापानं उसाच्या फडावर नेलं असतं. मी बी आदी कोयता घिऊनच जायचो, मला म्हाईत हाय. फडावर गेलेल्या पोरी परत शाळंत येत न्हाईत, लगीन हूनच येत्यात. माजी थोरली तशीच आली."

एवढं बोलून ते खुर्च्या उचलायला लागले. मी दुसऱ्या टोकाकडून खुर्च्या उचलायला लागले.