डागकाकांचा अभिप्राय

दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव चांगलं ठसठशीत रंगवलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळी गल्ली त्यांना डागकाका म्हणायची. जुने फोटो नीट करून देणं हा त्यांचा धंदा. ओल लागलेले, घडीवर चिरलेले, झुरळांनी कडा खाल्लेले फोटो लोक पाकिटात घालून आणायचे आणि आठवड्याभरानं त्यातली माणसं ताजीतवानी करवून परत न्यायचे. कुणी म्हणायचं, "काका, आमचे आजोबा हयातीतसुद्धा एवढे स्वच्छ नव्हते." काका नुसते हसायचे. पस्तीस वर्षं त्यांनी डाग पुसले आणि एकाही गिऱ्हाइकानं फोटो परत आणला नाही, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. तो ते कुणाजवळ बोलून दाखवत नसत. बायको सोडून.

कामाची खोली म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीला जाड पडदा, टेबलावर वाकवता येणारा दिवा, आणि मधोमध जुना मॉनिटर. त्याला घरात सगळे 'म्हातारा' म्हणत. बटण दाबलं की म्हातारा आधी जरा गुरगुरायचा आणि मग सावकाश उजळायचा. त्याच्यावर फोटो मोठा करावा तर नुसते चौकोन दिसायचे, लहान करावा तर सगळा धूर. या दोन्हींच्या मधे कुठेतरी माणूस असतो, आणि तो कुठे असतो हे काकांना सवयीनं कळायचं.

लेक नोकरीसाठी परगावी. सुट्टीत आली की म्हाताऱ्याकडे बघून तिचं डोकं फिरायचं. "बाबा, लोकांचे फोटो लख्ख करता आणि स्वतः धुक्यात बसता," ती म्हणाली, आणि या खेपेला तिनं बापाला न विचारता एका नव्या लॅपटॉपची आगाऊ नोंदणी करून टाकली. त्याच्या स्क्रीनवरचे ठिपके म्हणे इतके बारीक की ठिपका म्हणून दिसतच नाही. काका म्हणाले, "ठिपके बारीक असतील, डोळे माझेच राहणार ना?" पण लॅपटॉप आलाच. पहिल्या खेपेतल्या चाळीस गिऱ्हाइकांत काका एक झाले.

आता लॅपटॉपच्या दुकानवाल्यांची हौस बघा. त्यांनी या चाळीस जणांचा फोनवर एक गट केला आणि सगळ्यांना सांगितलं की स्क्रीन कसा वाटला ते लिहा, लिहिणाऱ्याला एक बॅग भेट. मग काय, लोकांना ऊत आला. एका भूगोलाच्या मास्तरांनी लिहिलं, नकाशा न ताणता ओढ्याचंसुद्धा नाव वाचता येतं. एका दंतवैद्यानं लिहिलं, पेशंटला त्याचीच दाढ दाखवली तर तो उठून निघून गेला. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या आवडत्या नटाचा टोप आहे हे त्यांना आता कळलं, आणि हे कळलं नसतं तर बरं झालं असतं. एकानं फक्त तक्रार केली: बंद असताना स्वतःचं तोंड दिसतं, तेवढं सोडून उत्तम. काका हे सगळं चष्मा वर करून वाचत आणि खुदखुदत. स्वतः मात्र काही लिहीत नसत. त्या दुकानातल्या ताईचा दोनदा फोन येऊन गेला. "काका, चार ओळी तर लिहायच्यात. बॅग बांधून ठेवलीय तुमची."

काकांना लिहायचं नव्हतं असं नाही. त्यांना सुचेनासंच झालं होतं. पहिले तीन दिवस ते नुसते बघत बसले होते. दुपारची जेवणं झाली, बायको आत आडवी झाली, गल्ली शांत झाली, की ते पडदा ओढून लॅपटॉप उघडत आणि जुनी कामं एकेक करून काढत. काय दिसत होतं, काय सांगावं. कोटाच्या कापडाची वीण दिसत होती. एका आजीच्या कानामागे लपवलेली हेअरपिन दिसत होती. आणि काळा रंग, जो म्हाताऱ्यावर नुसता काळा होता, त्याच्यात इथे दहा छटा होत्या. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर आधी कपाट दिसावं, मग त्याची मूठ दिसावी, तसं व्हायचं. बघता बघता काकांना गुंगी यायची. वाटायचं, ही सगळी माणसं इथेच बसलेली आहेत, पापणी लवायचीच काय ती बाकी. मधेच डुलकी लागायची, आणि जागे झाले तरी ते फोटोच्या कुठल्या बाजूला जागे झाले हे पटकन कळायचं नाही.

एक गोष्ट मात्र बोचत होती. त्यांचं स्वतःचं कामही दिसत होतं. एका वकिलाचा गाल त्यांनी साबणासारखा गुळगुळीत करून ठेवला होता. एका नवरीच्या कपाळावरची चीर बुजवताना भुवईचा शेवट खाल्ला होता. "चालायचंच," काका स्वतःशी म्हणाले, पण मन खट्टू झालं. मग त्यांनी ठरवलं, अगदी पहिल्या फाइलपासून पुन्हा बघायचं.

पहिली फाइल म्हणजे बायकोचा फोटो.

त्याची गोष्ट सांगायला हवी. काकांची बायको आठ महिन्यांची असतानाचा तो फोटो. स्टुडिओतली उंच खुर्ची, मागे काळा मखमली पडदा, आणि खुर्चीत झालरीचं झबलं घातलेलं गुबगुबीत बाळ. पुढे चारच महिन्यांत तिची आई गेली. वडील नोकरीपायी कायम लांब. पोर आत्याकडे वाढली. आईचा फोटो कुठेच नव्हता. आत्या म्हणायची, "वहिनी भारी लाजाळू. कॅमेरा दिसला की आत पळायची." त्यामुळे आई कशी दिसायची हे बायकोला ठाऊक नव्हतं. लहानपणी ती आरशात बघून अंदाज बांधायची, आणि हे तिनं लग्नानंतर एकदा काकांना सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, अगदी सहज.

आत्यानं सासरी पाठवताना हा एकच फोटो दिला होता. बुरशीनं भरलेला, मळका. नवऱ्याचा धंदाच तो. काकांनी लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला तो साफ करून, मोठा करून, चौकटीत घालून तिला दिला. ज्यांच्याकडे धंदा शिकले त्या उस्तादांचा नियम पाळून मूळ फोटोला हात लावला नव्हता. प्रत काढली आणि प्रतीवर काम केलं. पुढे स्कॅनर घेतला तेव्हा मुहूर्त म्हणून मूळ फोटोच सगळ्यांत आधी स्कॅन केला. नंतर त्या कागदाला वाळवी लागली आणि तो गेला. स्कॅन तेवढा राहिला होता, इतकी वर्षं, न उघडलेला.

बाळ कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. मान वळवून, खाली, मागे कुठेतरी बघत होतं आणि हसत होतं. भिंतीवरचा तो फोटो पुसताना बायको दरवेळी म्हणायची, "मी बघतेय तरी कुठे?" आणि काका दरवेळी म्हणायचे, "तेव्हापासून तुझं लक्ष ठिकाणावर नाही." तेहतीस वर्षांत हा संवाद बदलला नव्हता.

त्या दुपारी काकांनी स्कॅन उघडला. बुरशीच्या जाळीमागे बाळ तसंच होतं. पण बाळाच्या कमरेशी, काळ्या पडद्यावर, ओळीनं चार फिकट डाग होते. काकांना ते चांगले आठवत होते. जुन्या फोटोंवर असे डाग असतातच. फोटो हातात घेणाऱ्यांची बोटं उमटतात. धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते: आधी बोटांचे डाग काढा. तसे त्यांनी ते काढले होते, आणि बायकोला चिडवलंही होतं की कुणीतरी तेलकट हातांनी तुझा फोटो धरला होता बघ.

नव्या स्क्रीनवर त्या डागांना नखं होती.

काकांनी चष्मा पुसला. परत बघितलं. चार बोटं पडद्याच्या फटीतून बाहेर आली होती आणि बाळाला कमरेशी धरून होती. मग काळ्यामधून हळूहळू बाकीचं वर आलं. मनगट. बाहीची कड. पडद्याचा जो फुगवटा त्यांनी तेव्हा सपाट करून टाकला होता, तो खांदा होता. वर पडद्याला पडलेला गोल, तो डोक्याचा. पडद्यामागे कुणीतरी वाकून उभं होतं, म्हणजे बाळ पडू नये आणि फोटोत मात्र बाळ एकटंच यावं. लाजाळू बाई. आणि बाळ मान वळवून तिच्या बोटांकडेच बघत होतं.

काकांना पडद्यामागचा श्वास ऐकू येईल असं वाटत होतं. स्टुडिओवाला म्हणत असेल, हलू नका हं बाई. त्या म्हणत असतील, मी दिसत नाही ना? आणि आपण, काकांना वाटलं, आपण त्या दिसू नयेत याची उरलीसुरली व्यवस्था केली. चांगला बारीक ब्रश घेऊन, जीव ओतून.

संध्याकाळी बायकोनं चहा आणला तेव्हा त्यांनी लॅपटॉप झाकून टाकला. दुसऱ्या दिवशीही झाकला. सांगावं तर तेहतीस वर्षं भिंतीवर टांगलेली आपली चूक तिच्या हातात द्यायची. न सांगावं तर तिची आई आपल्या फाइलीत कोंडून ठेवायची. गुपचूप नवी प्रत काढून चौकटीत घालावी असंही एकदा मनात आलं, पण रोज फडकं मारणारी बाई ती, तिला काय कळणार नव्हतं?

"बरं नाही का तुम्हाला?" तिसऱ्या दिवशी बायकोनं विचारलं. "जेवणात लक्ष नाही. त्या डबड्यानं डोळे दुखतात की काय?"

"इकडे ये जरा," काका म्हणाले. "बस. आणि आधी मला काही बोलू नकोस."

त्यांनी फाइल उघडली. बोट दाखवलं नाही, समजावलं नाही. त्यांना ते जमलंच नसतं. ती म्हणाली, "हा माझाच ना? किती घाण झालाय..." आणि मग थांबली. हातातलं फडकं तिनं मांडीवर ठेवलं आणि ती पुढे सरकली. अजून पुढे. नाक स्क्रीनला लागेल इतकी.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"मोठं करा," ती म्हणाली.

"आणखी केलं तर चौकोन दिसतील."

"मग राहू द्या असंच." तिचं बोट हवेतच त्या चार बोटांवरून फिरलं. "झबलं बघा कसं चुरगळलंय. किती घट्ट धरलंय हो."

"मी पुसलं," काका म्हणाले. "मला वाटलं डाग आहेत. मीच पुसलं गं."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं नाही. "एकटीला बसवलंत मला," ती म्हणाली. "तेहतीस वर्षं." एवढं म्हणून ती उठली, भिंतीवरची चौकट उतरवली, कपाटात उलटी ठेवली आणि आत गेली. त्या दिवशी घरात बोलणं झालं ते फक्त मीठ द्या आणि दार लावा एवढंच.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर काका कामाच्या खोलीत आले तर त्यांच्या खुर्चीत बायको बसलेली. केस विंचरलेले, चष्मा लावलेला, कुणाच्या भेटीला आलेलं माणूस बसतं तशी. "उघडून द्या," ती म्हणाली. काकांनी उघडून दिला. "आणि तुम्ही जा तिकडे. तोवर गिऱ्हाइकाचं काम करा."

काकांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर म्हाताऱ्याला मांडलं, त्याचं गुरगुरणं ऐकून घेतलं आणि चौकोन नि धुरामधे एका कुटुंबाला शोधायला लागले. मागे बायको काही बोलत होती, अगदी हळू. काकांनी कान दिला नाही. त्यांच्याशी चाललेलं नव्हतं ते.

तेव्हापासून तसंच चाललंय. दुपारी दोन ते तीन लॅपटॉप बायकोचा. चौथ्या दिवशी ती जाता जाता म्हणाली, "प्रिंट काढा एक. आणि हे बघा, बुरशीसकट काढा. एका ठिपक्यालाही हात लावायचा नाही." काकांनी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक मळका फोटो तसाच मळका चौकटीत घातला, आणि खिळ्यावर तिनं स्वतः टांगला. फडकं मारताना आता ती काही विचारत नाही.

दुकानातल्या ताईचा तिसरा फोन आला तेव्हा काकांनी एकदाचा अभिप्राय लिहून पाठवला. फॉर्मवर प्रश्न होता, या स्क्रीनवर तुम्हाला सर्वांत काय आवडलं? पाचच मिनिटांत ताईचा पुन्हा फोन.

"काका, चुकून दुसरंच काहीतरी पाठवलंत का? इथे लिहिलंय, सासूबाईंची चार बोटं."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "आमची भेट झाली नव्हती आधी."